तो मुलगा वर्गात आहे म्हणून तुमच्या मुलीचं नुकसान होत नाहीये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांमध्ये एका पालकांचं पत्र आलं होतं. त्यांच्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, तो मध्येच उठून फिरतो, कधी ओरडतो, कधी दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली जाऊन बसतो, आणि बाईंचा सगळा वेळ त्याच्यातच जातो, मग बाकीच्या मुलांनी काय करायचं असं त्यांनी विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं की अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, त्यांना तिथे घालावं, त्यातच त्यांचंही भलं आहे. पत्र दोनदा वाचलं. राग आला नाही, खरं सांगते, कारण त्या पालकांची काळजी खोटी नाहीये, पण त्यांनी त्यावर काढलेला उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कुणीतरी वर्गात उभं राहणाऱ्या माणसाने सांगायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

मी गेली सव्वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. आणि मी एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची आई आहे. म्हणजे बाईंच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेय, आणि दोन्हीकडून शाळा फार वेगळी दिसते.

आधी माझीच एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी पहिलीत एक मुलगी आली, घरची भाषा वेगळी, आईवडील कामासाठी लांबून आलेले. ती बोलायचीच नाही. जून गेला, जुलै गेला, दिवाळीची सुट्टी संपली तरी तोंडातून शब्द नाही. हजेरी घेताना नाव घेतलं की बाकावर एक बोट टेकवायची, तीच तिची हजेरी. मी तिच्या प्रगतीपुस्तकात लिहिलं 'प्रतिसाद मंद, जास्त लक्ष देण्याची गरज'. आणि तिच्या आईला बोलावून, अगदी आत्मविश्वासाने, सांगितलं की घरी पण आता शाळेचीच भाषा बोला, तरच हिला येईल. त्या माऊलीने मान डोलावली. नंतर मला कळलं की तिला स्वतःला ती भाषा धड येत नव्हती, म्हणजे मी त्या घरात संध्याकाळी जे काही बोलणं होत होतं, गोष्ट असेल, गाणं असेल, रागावणं असेल, ते सगळंच बंद करून टाकलं होतं.

आता मला माहीत आहे की नव्या भाषेत पडलेली लहान मुलं काही महिने गप्प राहतात आणि ते अगदी नॉर्मल आहे, ती ऐकत असतात, आत साठवत असतात. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी १९७९ च्या सुमाराला एक फरक दाखवून दिला जो प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला तोंडपाठ पाहिजे असं मला वाटतं. मैदानावर, खेळताना, एकमेकांशी बोलायची भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, गणिताच्या शाब्दिक उदाहरणातली, 'कारणे द्या' मधली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. आपण काय करतो, मूल मैदानावर फडाफडा बोलायला लागलं की म्हणतो आता येतंय की सगळं, मग पेपरात का लिहित नाही, आळशी आहे. आणि दुसरी गोष्ट, घरची भाषा पक्की असेल तर दुसरी भाषा तिच्यावर उभी राहते, घरची तोडली तर दोन्ही कच्च्या राहण्याची भीती असते. मी नेमकं उलटं सांगितलं होतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. जानेवारीत एक दिवस तिची आई डबा द्यायला आली, मी शंभरपर्यंत मोजणी घेत होते, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, या, आत या, तुमच्या भाषेत एक ते दहा म्हणून दाखवा. ती दारातच अवघडून उभी. पदराशी चाळा करत एक, दोन, असं हळूहळू म्हणायला लागली, चारावर अडली. आणि मागच्या बाकावरून, सात महिन्यांत पहिल्यांदा, त्या मुलीचा आवाज आला, पाच! त्यांच्या भाषेतलं पाच. मग सहा, सात, सगळं. वर्गाने तिच्याकडे वळून बघितलं आणि एक पोरगा म्हणाला, बाई हिला येतंय! त्या आठवड्यात सगळा वर्ग त्या भाषेत दहापर्यंत मोजायला शिकला, तीच शिकवत होती, चुकलं की हसायची पण. प्रगतीपुस्तकातला तो शेरा मी खोडला, पण तो आधी लिहिला होता हे काही पुसता येत नाही.

हे एवढं सविस्तर अशासाठी सांगितलं की मूल वर्गात बसलंय म्हणजे ते वर्गात आहे असं आपण धरून चालतो. अ‍ॅडमिशन दिली, बाक दिला, हजेरीपटावर नाव आलं, झालं. ती मुलगी सात महिने हजर होती आणि तरी नव्हती. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका शहरात ९२ देशांच्या सरकारांचे आणि २५ आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रतिनिधी जमले होते, तिथे सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्यायचं यावर एक निवेदन झालं. त्यात शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे बदलायचं असं म्हटलंय, मुलाने शाळेच्या साच्यात स्वतःला कोंबायचं असं नाही. आणि तेच निवेदन असंही म्हणतं की भेदभावाची वृत्ती मोडून काढायला अशा नेहमीच्या, सगळ्यांना घेणाऱ्या शाळांइतकं परिणामकारक काही नाही. पुढे २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, त्याच्या २४ व्या कलमात हा हक्क म्हणूनच लिहिला आहे. म्हणजे तो मुलगा त्या वर्गात कुणाच्या मेहेरबानीने बसलेला नाही, हे त्या पालकांनी कृपया लक्षात घ्यावं.

आता येते त्यांच्या मुलीच्या नुकसानीवर, कारण खरा मुद्दा तोच आहे.

माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता, घंटा झाली की किंचाळायचा. आम्हाला वाटायचं हट्ट आहे. मग त्याची आई म्हणाली, बाई त्याला आवाज टोचतो, आणि पुढे काय होणारे हे कळलं नाही की तो घाबरतो. एवढं एकच वाक्य, पण ते वर्षाच्या सुरुवातीला कुणी तिला विचारलंच नव्हतं. आम्ही फळ्याच्या कडेला चित्रांचं वेळापत्रक लावलं. जाड पुठ्ठ्याची कार्डं, मागे चिकटपट्टी, प्रार्थना, वाचन, गणित, सुट्टी, खेळ, घरी. एक तास संपला की ते कार्ड काढून खालच्या डब्यात टाकायचं. आज खेळाचा तास नसेल तर सकाळीच ते कार्ड बदलून त्याला दाखवायचं. आणि घंटेच्या दोन मिनिटं आधी मी हात वर करायचे. किंचाळणं दोन दिवसांत थांबलं असं मी म्हणणार नाही, दीड महिना लागला, मध्ये एकदा तर फारच वाईट दिवस गेला. पण त्या दीड महिन्यात मला दुसरंच काहीतरी दिसलं. 'बाई आता काय?' हा प्रश्न, जो पहिलीचा वर्ग दिवसातून शंभर वेळा विचारतो, तो बंद झाला. सगळीच मुलं त्या कार्डांकडे बघायला लागली. सकाळी रडत येणारी एक मुलगी होती, ती आल्या आल्या 'घरी' हे कार्ड कितव्या नंबरवर आहे ते मोजायची आणि शांत बसायची. एका मुलासाठी केलं आणि चाळीस जणांना उपयोगी पडलं. दाराशी उतार केला की चाकाच्या खुर्चीवालं मूल तर आत येतंच पण बाबागाडी ढकलणारी आई पण येते आणि गुडघे दुखणारी आजी पण, तसंच आहे हे.

अजून एक उदाहरण. 'लक्ष देत नाही' हा शेरा मी आता हात आखडून लिहिते. लहान मुलांना सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचतं, फार कॉमन आहे, दहा वर्षांच्या आत बहुतेक मुलांना कधी ना कधी होतं, दुखत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ऐकू कमी येतं, तेही एका आठवड्यात कमी, पुढच्या आठवड्यात बरं. अशा मुलाला आपण काय म्हणतो, याला पाहिजे तेव्हा ऐकू येतं. पुढच्या बाकावर बसवा, बोलताना फळ्याकडे तोंड करू नका, आणि घरच्यांना सांगून एकदा कान तपासून घ्या. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुलं पण प्रत्येक शाळेत असतात, मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी जास्त, आणि आपण हिरव्या फळ्यावर लाल खडूने महत्त्वाचं लिहितो. खडू बदलायला काय लागतं?

वर्गात वेगवेगळी मुलं असली की हुशार मुलं मागे पडतात असं ज्यांना वाटतं त्यांना एक जुनी गोष्ट सांगते. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि रोज मारामाऱ्या, एकमेकांशी बोलणं बंद. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांना बोलावलं. त्यांनी वर्गात बसून बघितलं तर त्यांना दिसलं की बाई प्रश्न विचारतात, हात वर होतात, एकाला संधी मिळते, बाकीचे चरफडतात, आणि ज्याला येत नाही तो मान खाली घालून बसतो. म्हणजे सगळा वर्गच एकमेकांना हरवायला बसलेला. त्यांनी पाच-सहा मुलांचे गट केले, धड्याचे तेवढेच तुकडे केले, प्रत्येकाला एक तुकडा दिला जो गटात दुसऱ्या कुणाकडेच नाही. आता ज्याला नीट बोलता येत नाही त्याची चेष्टा करून भागत नाही, कारण त्याचा तुकडा कळल्याशिवाय आपल्याला धडा येणार नाही. चित्राचे तुकडे जुळवायचा खेळ असतो ना, तसं.

मी हे दुसरीत करते, 'पाणी' या पाठाला. ज्यांना सारखाच तुकडा आलाय ती मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात, त्यामुळे वाचायला कच्चं मूल पण रिकाम्या हाताने आपल्या गटात जात नाही. एका वर्षी वाफेचा तुकडा अशा मुलाकडे आला ज्याला एक वाक्य बोलायला वेळ लागायचा, आणि त्याच गटात वर्गातली सगळ्यात चटपटीत मुलगी. पहिल्या दिवशी ती म्हणाली, लवकर सांग ना. तो आणखी गप्प. तिसऱ्या दिवशी मी शेजारून जाताना ऐकलं, ती गुडघ्यावर हनुवटी टेकून त्याला विचारत होती, म्हणजे झाकणावर जे थेंब दिसतात ती वाफच का? आणि तो म्हणाला, हो, गार झाली म्हणून. तिला प्रश्न विचारायला आला. उत्तर द्यायला तिला आधीपासूनच येत होतं, हात वर करून सगळ्यांच्या आधी, पण समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते बाहेर काढणारा प्रश्न कसा विचारायचा हे ती त्या मुलाशेजारी बसून शिकली. मला सांगा हे नुकसान आहे का?

पण मी त्या पालकांची एक गोष्ट शंभर टक्के मान्य करते. एकटी बाई आणि चाळीस मुलं, त्यात एक मूल बाकाखाली आणि एक रडणारं, हे एका माणसाचं काम नाहीच. मदतनीस नाही, समुपदेशक वर्षातून एकदा, वर्गाच्या बाहेर शांत बसायला कोपरा नाही, आणि मग आम्हाला कानीकपाळी सांगतात सर्वांना सामावून घ्या. वर्गात दुसरे दोन हात नसताना सामावून घ्या म्हणणं म्हणजे शिक्षकाला आणि त्या मुलाला दोघांनाही वाऱ्यावर सोडणं आहे. तर तुमची तक्रार तिकडे न्या ना. शाळेच्या ऑफिसात जा, पालक सभेत उभे राहा, म्हणा आमच्या वर्गाला मदतनीस पाहिजे. तुम्ही, बाकीचे पालक आणि त्या मुलाची आई, तुम्ही सगळ्यांनी मिळून एका अर्जावर सह्या केल्या तर त्या अर्जाला वजन येईल. सात वर्षांच्या मुलाविरुद्ध सह्या गोळा करण्यापेक्षा ते बरं. (हो, असंही होतं. मी असा कागद हातात धरलेला आहे, नंबर एकला सही एका डॉक्टरांची होती.)

आणि आता त्या मुलाच्या आईबद्दल, जिचा त्या पत्रात उल्लेख पण नव्हता.

माझा मुलगा चौथीत असताना दुपारी फोन वाजला आणि स्क्रीनवर शाळेचं नाव दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा. मी स्वतः शिक्षिका, तरी यायचा. कारण शाळा कधीच चांगल्यासाठी फोन करत नाही. पाच वर्षांत मला एकही फोन असा आला नाही की आज त्याने छान केलं. त्याच्या वर्गात बाकांच्या क्रमाने प्रकट वाचन असायचं, आणि तो घरी येऊन सांगायचा की मी आधीच मोजून ठेवतो माझा परिच्छेद कुठला येणार, मग मनातल्या मनात तोच म्हणत राहतो, म्हणून बाकीचा धडा मला कळतच नाही. आणि त्याची पाळी आली, पहिलं अक्षर अडकलं, की बाई पटकन शब्द पुरा करायच्या. मदत म्हणूनच, त्यांचा हेतू वाईट नव्हता. तो म्हणायचा, आई, त्या माझा शब्द घेऊन टाकतात. रात्री झोपेत दात खायचा, रविवारी संध्याकाळपासून पोट दुखायचं, मी आणि त्याचे बाबा एकमेकांवर चिडायचो, धाकटीकडे दुर्लक्ष व्हायचं. एका मुलाचा वाचनाचा तास आणि चार माणसांचं घर आजारी.

पाचवीत नवीन बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्याला एकट्याला बोलावून विचारलं, तुला वाचायला आवडेल ना, कसं वाचूया? आणि मग संपूर्ण वर्गाचंच वाचन जोडीने सुरू केलं, दोघांनी मिळून एका सुरात वाचायचं. अडखळणाऱ्या बहुतेकांना दुसऱ्याबरोबर एकसुरात वाचताना अडखळायला होत नाही किंवा खूप कमी होतं, हे जुनं माहीत असलेलं आहे, फक्त कुणीतरी ते वापरावं लागतं. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधी तरी अशी अडखळतात, बरीचशी आपोआप मोकळी होतात, साधारण एक टक्का मोठेपणीही तशीच बोलतात आणि त्यातली माणसं वकील होतात, शिक्षक होतात, काहीही होतात. माझा मुलगा अजूनही अडखळतो. पण त्या वर्षी रविवारचं पोट दुखणं गेलं, आणि आमच्या घरात संध्याकाळी हसू परत आलं. त्या बाईंनी आमच्यावर औषधोपचार केला नाही की समुपदेशन केलं नाही. दोन मिनिटं थांबून मुलाला विचारलं फक्त.

तेव्हापासून मी रोज शाळा सुटल्यावर एक फोन करते. एका घरी, दोन मिनिटं, फक्त चांगलं सांगायला. चाळीस मुलं, चाळीस दिवस, मग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या वर्षी एका वडिलांना फोन केला, नाव सांगितलं तर पलीकडे शांतता, मग हळूच विचारलं, काय केलं त्याने? मी म्हटलं काही नाही, आज त्याने नवीन मुलाला पाण्याची टाकी दाखवली, हात धरून घेऊन गेला. परत शांतता. मग ते म्हणाले, बाई, परत एकदा सांगता का, त्याच्या आईला देतो फोन. यानंतर त्या घराशी माझं एकदाही भांडण झालं नाही, आणि अवघड गोष्टी सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं.

घराला सामावून न घेता मुलाला सामावता येत नाही, माझ्या अनुभवात तरी येत नाही. आणि घराला आपण बाहेर ठेवतो ते बारीकसारीक गोष्टींनी. अ‍ॅडमिशनचा फॉर्म बघा. आमच्याकडे एक आजोबा नातीला घेऊन आले, दोघंच, ती आणि आजोबा, एवढंच घर. फॉर्मवर वडिलांचं नाव, आईचं नाव, दोघांचा व्यवसाय, दोघांची सही. ते पेन हातात धरून किती वेळ उभे होते, मग प्रत्येक रकान्यात एकेक रेघ मारत गेले. नात बघत होती. पुढच्या वर्षी आम्ही मुख्याध्यापकांच्या मागे लागून तो भाग बदलला, आता लिहिलंय 'मुलाची काळजी घेणारी मोठी माणसं', तीन ओळी, नाव आणि नातं. खाली विचारलंय घरी मुलाला काय हाक मारतात, शाळेने तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलावं, फोन कधी केलेला चालेल. रात्रपाळी करून झोपलेल्या आईला सकाळी अकराला फोन करायचा आणि मग म्हणायचं पालक उचलतच नाहीत, हे किती वर्षं केलं आम्ही. पालक सभा पण तशीच, वेळ अशी की रोजंदारीवरच्या माणसाला दिवस बुडवून यावं लागतं, आणि जो येत नाही त्याला मुलाची पर्वा नाही असा शिक्का. लांबलचक सूचना लिहून पाठवतो, ज्यांना ही लिपी वाचता येत नाही त्यांनी काय करायचं, अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज टाकला तर शेजारणीला विचारावं लागत नाही. आणि कृपा करून मुलालाच दुभाषा करू नका, त्याचीच तक्रार त्यालाच आईला समजावून सांगायला लावणं हे मी पाहिलंय, ते मूल कुणाकडे बघणार?

'माझा वंशवृक्ष' हा गृहपाठ तर मी बंदच केला. दत्तक मूल असतं, आई नसलेलं असतं, दोन घरांत राहणारं असतं, वसतिगृहातलं असतं. आता 'माझी माणसं' असं देते, ज्याला जे काढायचं ते काढा. त्या आजोबांच्या नातीने आजोबा काढले, शेजारच्या काकू काढल्या, आणि कोपऱ्यात एक मांजर, कागद गच्च भरला.

लंडनमध्ये मार्जरी बॉक्सॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९६९-७० च्या आसपास तिथल्या गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये छोटे वर्ग सुरू केले, दहा-बारा मुलं आणि दोन मोठी माणसं, खोलीत घरासारखा सोफा, टेबल, सगळ्यांनी एकत्र बसून नाश्ता, एकमेकांना ताट पुढे करणं, पाळी येईपर्यंत थांबणं. जी मुलं मारतात, फेकतात, बोलत नाहीत, ती वाईट नसून त्यांच्या लहानपणातला काही भाग राहून गेलाय, तो आधी भरून काढू, असा त्यांचा विचार. आणि मुद्दा हा की मुलं तिथे कायमची राहत नव्हती, आपल्या मूळ वर्गाशी त्यांचं नातं चालूच असायचं आणि काही महिन्यांनी ती परत जायची. म्हणजे थोडा वेळ वेगळी काळजी घेणं आणि वेगळ्या शाळेत पाठवून देणं यात फरक आहे, पत्रलेखक पालकांनी यावर जरूर विचार करावा.

विविधतेबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर बोलणारे खूप आहेत. वर्षातून एक दिवस वेगवेगळे पोशाख घालून फोटो काढले की झालं असं होत नाही. वाचनकोपऱ्यातल्या पुस्तकांत कुठल्या रंगाची, कुठल्या घरातली मुलं आहेत ते बघा, चष्मेवालं, कुबड्यावालं कुणी आहे का, असेल तर ते फक्त दया येण्यासाठी आहे की तेही कधी खोड्या करतं. १९४० च्या दशकात केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने अमेरिकेत लहान मुलांना गोरी आणि काळी बाहुली दाखवून चांगली कुठली ते विचारलं होतं, तर काळ्या मुलांपैकीही बहुतेकांनी गोरी उचलली. ती मुलं तीन ते सात वर्षांची होती. कुणी त्यांना बसवून शिकवलं नव्हतं हे, आजूबाजूला बघून आलं. माझ्या वर्गात पण 'ती काळी आहे म्हणून तिला राणी नको' असं पहिलीतलं पोर म्हणतं, तेव्हा 'असं बोलू नये' म्हणून गप्प करण्यापेक्षा मी विचारते, तुला असं कुठे दिसलं? आणि त्यांच्याकडे खरोखर उत्तर असतं.

एक शेवटची विनंती आहे, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल. कुठल्याही मुलाचं नाव घेऊन तिथे तक्रार टाकू नका. ती त्याची आई वाचते, रात्री साडेदहाला, मूल झोपल्यावर, आणि उत्तर देऊ शकत नाही. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईने मला नंतर सांगितलं की ती ग्रुप म्यूट करून बसायची आणि तरी दर दहा मिनिटांनी उघडून बघायची. काही असेल तर मला सांगा, बाईंना सांगा, त्यासाठीच आम्ही आहोत.

आणि त्या पत्रलेखक पालकांना, मी तुम्हाला ओळखत नाही, तुमची शाळा कुठली तेही माहीत नाही, पण एक सुचवते. शाळेला विचारून एक दिवस वर्गात मागे जाऊन बसा. सकाळचे दोन तास. त्या मुलाकडे बघू नका, तुमच्या मुलीकडे बघा. तो बाकाखाली गेला की ती काय करते ते बघा. माझ्या वर्गातली मुलं काय करायची सांगते, पहिले काही दिवस वाकून बघायची, मग बघणं सोडून दिलं, आणि मग एक दिवस एका मुलीने आपली पेन्सिल नि कागद हळूच खाली सरकवला, आणि स्वतः वर लिहीत राहिली. थोड्या वेळाने कागद वर आला, त्यावर सातचा पाढा होता, शेवटचे दोन चुकलेले. तिने ते खोडून बरोबर केले आणि कागद परत खाली दिला.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका